डबा, माळ आणि लिंबू : कामाच्या जागी वस्तू खटकते तेव्हा

भोर-वेल्ह्यातून रोज शिरवळ, खेड शिवापूर आणि पुण्याच्या कारखान्यांत जाणाऱ्या कामगारांच्या पिशवीत आणि गळ्यात जे असते, त्यावरून उठणारे गैरसमज वरवर क्षुल्लक दिसतात. रोजंदारीवरच्या माणसासाठी मात्र त्यांचा शेवट नोकरी जाण्यात होऊ शकतो.

भोर आणि वेल्हे हे पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडचे दोन डोंगरी तालुके. २०११च्या जनगणनेत भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार होती, तर वेल्ह्याची जेमतेम ५४ हजारांच्या घरात. (वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला, लोकांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे.) भाटघर, नीरा देवघर, गुंजवणी, पानशेत, वरसगाव अशी धरणे या दोन तालुक्यांनी अंगावर घेतली. पाणी खाली गेले आणि वर उरली ती डोंगरउताराची भातखाचरे. साहजिकच पोट भरण्यासाठी बाहेर पडणे ही इथली जुनी रीत आहे. आधीच्या पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत आणि माथाडी कामावर गेल्या. आजची पिढी कात्रज बोगद्यापलीकडच्या धायरी-नऱ्ह्याच्या लहान कारखान्यांत, खेड शिवापूर-नसरापूरच्या गोदामांत, नाहीतर सारोळ्याचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यातल्या शिरवळला जाते.

मुंबईत हा कामगार बहुधा आपल्याच गावकऱ्यांच्या खोलीत राही आणि आपल्याच माणसांच्या टोळीत काम करी. आता एकाच शेडमध्ये त्याच्या शेजारी बिहारचा वेल्डर, ओडिशाचा पॅकर, मराठवाड्यातून आलेली मुलगी आणि पुण्याचा सुपरवायझर असतो. प्रत्येकाच्या अंगावर आणि पिशवीत काही ना काही घरचे असते : मांढरदेवचे कुंकू, तुळशीची माळ, ताईत, मनगटावरचा लाल धागा, सुकटीचा डबा, देवाचा फोटो. कुणाला ती श्रद्धा वाटते, कुणाला सवय, तर शेजारच्याला ती किळस, भीती किंवा अपमान वाटतो. गैरसमज इथून सुरू होतो.

लिंबाचा संशय

मांढरदेव गाव सातारा जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात, पण भोरच्या अगदी हद्दीला लागून. काळूबाईच्या पौष पौर्णिमेच्या यात्रेला दोन्ही बाजूंनी लोक चढतात. २५ जानेवारी २००५ रोजी याच यात्रेत झालेल्या चेंगराचेंगरीत सुमारे तीनशे भाविक मृत्युमुखी पडले. त्यानंतर यात्रेची शिस्त बदलली, श्रद्धा बदलली नाही. यात्रेहून परतलेला माणस कुंकू, नारळाची शकले आणि लिंबू घेऊन येतो. त्यातले एखादे लिंबू तो कामाच्या खणात ठेवतो, एखादे मशिनच्या कडेला. त्याच्या दृष्टीने ती देवीची राखण असते. त्याच खणात हात घालणाऱ्या दुसऱ्या पाळीच्या माणसाच्या दृष्टीने ती करणी असू शकते. त्या आठवड्यात त्या दुसऱ्याच्या घरी कुणी आजारी पडले, किंवा मशिनमध्ये त्याचे बोट सापडले, की संशयाला पुरावा लागत नाही.

गंमत अशी की, तेच लिंबू खंडेनवमीला सर्वांसमक्ष मशिनवर ठेवले जाते. मालक स्वतः हळदकुंकू वाहतो, कंपनीच्या गाडीच्या चाकाखाली लिंबू चिरडले जाते, पेढे वाटले जातात आणि कुणालाही काही वावगे वाटत नाही. वस्तू तीच असते. ती कुणी, कुठे आणि उघडपणे ठेवली की गुपचूप, यावर तिचा अर्थ ठरतो. कामगाराच्या खणातले लिंबू संशयास्पद ठरते, कारण त्याला सोहळ्याचे संरक्षण नसते.

महाराष्ट्रात या संशयाला कायद्याची एक बाजू आहे आणि ती कामगारांपर्यंत फारशी पोहोचलेली नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यानंतर चारच दिवसांनी राज्य सरकारने जादूटोणाविरोधी वटहुकूम काढला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. या कायद्यात किमान सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५ हजार ते ५० हजार रुपये दंडाची तरतूद आहे. त्याच्या अनुसूचीत एखादी व्यक्ती करणी किंवा चेटूक करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हाही गुन्हा आहे. म्हणजे देवीचे लिंबू जवळ बाळगणारा नव्हे, तर त्यावरून सहकाऱ्याला चेटक्या ठरवून त्याचा छळ करणारा कायद्याच्या कचाट्यात येऊ शकतो. सुपरवायझरने अशा वेळी संशयिताची पाळी बदलली किंवा त्याला घरी बसवले, तर तो भांडण मिटवतो असे त्याला वाटते. प्रत्यक्षात तो आरोपावर शिक्कामोर्तब करीत असतो.

डब्याचा वास

लिंबाइतकाच नाजूक विषय डब्याचा. मावळपट्ट्यातल्या घरात पावसाळ्यात ओढ्याचे खेकडे आणि मासे शिजतात, एरवी सुकट-बोंबील असतात, आषाढात मटण होते. त्याच घरात माळकरी असेल तर त्याची चूलच वेगळी. त्यामुळे शाकाहारी आणि मांसाहारी एकाच छपराखाली कसे राहतात, हे या भागाला नवे नाही. घरातली ही सोय कारखान्याच्या उपाहारगृहात मात्र कुणी करून दिलेली नसते. एक मायक्रोवेव्ह, दोन बाकडी आणि अर्ध्या तासाची सुटी, एवढ्यात सर्वांना जेवायचे असते.

वास सहन न होणे ही खरी अडचण आहे, तिला ढोंग म्हणता येणार नाही. पण अडचणीवरचा उपाय आणि डबा आणणाऱ्यावरचा ठपका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेन्नईत ‘द हिंदू’ या दैनिकाच्या कार्यालयात एप्रिल २०१४ मध्ये उपाहारगृहात मांसाहारी पदार्थ आणू नयेत अशी सूचना लागली, तेव्हा बहुसंख्य शाकाहारी कर्मचाऱ्यांची गैरसोय हे कारण दिले गेले आणि देशभर वाद झाला. मुंबईच्या आयआयटीत २०२३ मध्ये वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहारींसाठी वेगळी टेबले ठेवण्यात आली. त्याला विरोध म्हणून तिथे मांसाहार करणाऱ्या विद्यार्थ्याला १० हजार रुपये दंड ठोठावला गेला. झोमॅटोने मार्च २०२४ मध्ये शुद्ध शाकाहारी ग्राहकांसाठी हिरव्या गणवेशातला वेगळा ताफा जाहीर केला आणि दुसऱ्याच दिवशी हिरवा गणवेश मागे घेतला. लाल कपड्यातला मुलगा मांसाहार घेऊन आला, असा शिक्का बसून सोसायटीच्या फाटकावर त्याला त्रास होईल, हा धोका कंपनीच्या तेव्हा लक्षात आला. ज्याच्या पाठीवर ती पेटी असते त्याला तो आधीच दिसला असता.

महाराष्ट्रात डब्याच्या संशयाला २०१५ पासून एक गडद किनार आली आहे. त्या वर्षी मार्चमध्ये गोवंश हत्याबंदीचा दुरुस्ती कायदा लागू झाला. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०१६ रोजी राज्याबाहेर कापलेले गोमांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. तरीही ऑगस्ट २०२४ मध्ये इगतपुरीजवळ धावत्या रेल्वेत एका वृद्ध प्रवाशाला बरणीतल्या मांसावरून मारहाण झाली. डब्यात काय आहे हे शेजारी बसलेल्याने ठरवायचे आणि लगेच शिक्षाही द्यायची, ही मानसिकता रेल्वेच्या डब्यातून कारखान्याच्या उपाहारगृहात यायला फार वेळ लागत नाही.

विटाळाचा जुना हिशेब

हे सारे आजचेच आहे असे मानणे चुकीचे ठरेल. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पिण्याच्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतल्याचे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्याआधी बडोदा संस्थानच्या नोकरीत शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकीत.

मुंबईच्या कापड गिरण्यांतले उदाहरण अधिक बोलके आहे, कारण तिथे किळशीचे थेट पैशांत रूपांतर झाले. विणकाम खात्यात धोट्याच्या भोकातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. एकाच धोट्याला अनेकांचे ओठ लागणार, म्हणून अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना सवर्ण कामगार त्या खात्यात येऊच देत नसत. विणकाम हे जास्त पगाराचे खाते होते. १९२८च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा मुद्दा कामगार पुढाऱ्यांपुढे आग्रहाने मांडला. मालकांनी असा लेखी नियम केला नव्हता. तो कामगारांनीच कामगारांवर लादलेला होता. आजच्या शेडमध्ये ‘तुझा पेला वेगळा ठेव’ असे कुणी म्हणाले, तर त्यामागे स्वच्छतेचा आग्रह आहे की आणखी काही, हे तपासताना हा धोटा आठवावा लागतो. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीचा असा अपमान १९८९च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येऊ शकतो. तिथे गैरसमजाची सबब सहजी चालत नाही.

गळ्यातले आणि फाटकावरचे

दागिन्यांचा प्रश्न मात्र वेगळा आहे, कारण तिथे धोका बऱ्याचदा खराच असतो. फिरत्या पट्ट्यात लांब साखळी अडकली तर गळ्याला फास बसतो. १९४८च्या कारखाना कायद्यात चालू यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत अशी अट होती, ती याच कारणाने. अन्नप्रक्रिया उद्योगात सुटा दागिना पदार्थात पडू शकतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीत धातू नको असतो. तुळशीची माळ, ताईत, कडे, मंगळसूत्र, जोडवी या सर्वांना हा नियम सारखाच लागू व्हायला हवा.

तो सारखा लागू होतो का, हा प्रश्न आहे. तमिळनाडूत श्रीपेरुम्बुदूरच्या फॉक्सकॉन कारखान्यात आयफोनच्या जुळणीसाठी विवाहित स्त्रियांना डावलले जाते, असे वृत्त रॉयटर्सने जून २०२४ मध्ये दिले. भरती करणाऱ्यांनी सांगितलेल्या कारणांत संसाराच्या जबाबदाऱ्यांबरोबरच विवाहित हिंदू स्त्रियांच्या अंगावरचे धातूचे दागिने हेही एक होते. केंद्र सरकारने राज्याकडून अहवाल मागवला. कंपनीने भेदभाव नाकारला आणि धातू काढून ठेवण्याचा नियम सर्वांनाच असल्याचे सांगितले. नियम सर्वांना असेल, तर दागिना काढून ठेवायला सांगणे पुरेसे होते. दागिना आहे म्हणून नोकरीच नाही, ही त्यापुढची पायरी झाली आणि तिचा सुरक्षेशी संबंध उरत नाही.

काढून ठेवणेही वाटते तितके सोपे नाही. महाराष्ट्रात मंगळसूत्र उतरवले जाते ते नवरा गेल्यावर. हीच प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये केला आणि राज्य सरकारने त्याचा कित्ता इतर गावांनी गिरवावा असे परिपत्रक काढले. ज्या वस्तूच्या काढण्याला एवढा अर्थ चिकटलेला आहे, ती फाटकावर परक्या सुरक्षारक्षकाच्या समोर, मागच्या रांगेच्या देखत उतरवायला सांगितली, तर बाईला तो अपमान वाटणारच. तीच गोष्ट आत, स्त्री कर्मचाऱ्याने, कुलूपबंद कप्पा देऊन सांगितली तर बहुतेकींची हरकत राहत नाही. जिथे धोका कमी आहे तिथे मंगळसूत्र गणवेशाच्या आत घालून वरून बटण लावणे, जोडव्यांवर चिकटपट्टी लावणे असे साधे मार्ग आहेत. त्यांना खर्च नगण्य लागतो; लागतो तो विचार करणारा माणूस.

सुरक्षा आणि निव्वळ दिसणे यांतला फरक युरोपियन मानवी हक्क न्यायालयाने १५ जानेवारी २०१३च्या निकालात नेमका दाखवला. ब्रिटिश एअरवेजच्या एका कर्मचारी महिलेला गळ्यात क्रूस दिसू देण्यास मनाई होती. केवळ कंपनीची प्रतिमा हे कारण न्यायालयाला अपुरे वाटले आणि तिचा दावा मान्य झाला. त्याच निकालात रुग्णालयातल्या परिचारिकेचा तसाच दावा फेटाळला गेला, कारण तिथे रुग्णाच्या आणि तिच्या सुरक्षेचा प्रश्न होता. एकच क्रूस, दोन जागा, दोन उत्तरे. भारतात हवाई सुरक्षा विभागाने मार्च २०२२ मध्ये विमानतळावरच्या शीख कर्मचाऱ्यांना कृपाण बाळगण्यास आधी मनाई केली आणि काही दिवसांतच ती अट काढून टाकली. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदात कृपाणाचा उल्लेख नावानिशी आहे, हे आधी पाहिले असते तर ही माघार टळली असती.

सरकारी भिंत आणि खासगी टेबल

सरकारी कार्यालयांत हा प्रश्न उलट्या बाजूने येतो. शाळा आणि सरकारी कार्यालयांतून देवदेवतांची छायाचित्रे काढावीत, असे परिपत्रक राज्यात जानेवारी २०१७ मध्ये निघाले. शिवसेनेने त्यावर रान उठवले आणि ते मागे घ्यावे लागले. त्या वादात एक भेद हरवला. भिंत सरकारची असते. तिथे एका धर्माची तसबीर लागली तर दाखला घ्यायला आलेल्या दुसऱ्या धर्माच्या माणसाला काही संदेश जातोच. कारकुनाच्या पाकिटातला किंवा टेबलाच्या काचेखालचा फोटो ही मात्र त्याची खासगी गोष्ट आहे. दोन्हींना एकाच परिपत्रकाने हाताळले की दोन्ही बाजू दुखावतात.

पुण्याचे संगणक अभियंते परदेशी गेल्यावर हाच अनुभव उलट्या बाजूने घेतात. दारावरच्या किंवा टेबलावरच्या स्वस्तिकाकडे युरोप-अमेरिकेतला सहकारी नाझींची खूण म्हणून पाहतो आणि त्याची भीती खोटी नसते. त्या खुणेखाली लाखो ज्यूंची हत्या झाली. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने २०२२ मध्ये नाझी चिन्हावर बंदी घालताना हिंदू, बौद्ध आणि जैनांच्या स्वस्तिकाला सूट दिली. कॅलिफोर्नियानेही त्याच वर्षी कायद्यात हा फरक केला. तिथे आपल्या वस्तूचा अर्थ विचारून घ्यावा अशी अपेक्षा करणारा अभियंता पुण्यात परतल्यावर ताईत बांधलेल्या हाउसकीपिंगच्या मुलाला तो प्रश्न विचारतोच असे नाही.

तक्रार कुठे करायची?

गैरसमज गुन्हा नसतो. धार्मिक भावना दुखावण्याचे भारतीय न्याय संहितेतले २९९वे कलम हेतुपुरस्सर आणि द्वेषबुद्धीने केलेल्या कृत्याला लागू होते. डब्यातली सुकट किंवा खणातले लिंबू त्यात बसत नाही. म्हणजे पोलीस ठाणे हा यावरचा मार्ग नव्हे. घटनेतला समतेचा हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध चालतो, आणि खासगी नोकरीत धर्म, जात, आहार यांवरून होणाऱ्या भेदभावाविरुद्ध देशात सर्वंकष कायदा नाही. उरते ते कारखान्यातले नियम आणि तक्रारीची व्यवस्था.

इथेच भोर-वेल्ह्याच्या कामगाराची खरी अडचण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार कामगार संहिता लागू झाल्या. औद्योगिक संबंध संहितेनुसार गैरवर्तन म्हणजे काय, शिक्षा कशी द्यायची हे लिहून ठेवणारे स्थायी आदेश ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेलाच बंधनकारक आहेत. जुन्या केंद्रीय कायद्यात ही मर्यादा १०० होती. या पट्ट्यातल्या अनेक लहान शेडना ही अट लागूच होत नाही. त्यामुळे कोणती वस्तू आत आणता येईल आणि कोणती नाही, हे सुपरवायझरच्या तोंडी असते आणि माणसागणिक बदलते. माळ चालते पण ताईत चालत नाही, पोळीभाजी चालते पण बोंबील चालत नाही, असा नियम कागदावर लिहायची वेळ आली तर बहुतेक व्यवस्थापक स्वतःच थांबतील; तोंडी आहे म्हणूनच तो चालतो.

याच संहितेत २० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी तक्रार निवारण समिती नेमणे बंधनकारक आहे. तीत मालक आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असावेत, स्त्रियांना योग्य प्रमाणात स्थान असावे आणि तक्रार ३० दिवसांत निकाली काढावी, अशी तरतूद आहे. कारण घडल्यापासून वर्षभरात तक्रार करता येते. लिंबू, डबा आणि मंगळसूत्राची भांडणे मिटवायला याहून योग्य जागा नाही. पण अशी समिती असते, हे कंत्राटदाराच्या गाडीतून येणाऱ्या मुलाला सांगायला कुणी बांधील नसल्यासारखे सर्व जण वागतात. त्याला लेखी नेमणूकपत्र मिळालेले नसेल तर लेखी बडतर्फीही मिळत नाही. ‘उद्यापासून येऊ नको’ एवढाच फोन येतो आणि त्यामागे लिंबू होते की डबा, हे त्याच्या हजेरीच्या वहीत कुठेही लिहिलेले नसते. वीसपेक्षा कमी माणसांच्या शेडमध्ये तर समितीही नाही. तिथे तो फोन करणारा कंत्राटदारच तक्रार ऐकणाराही असतो.